सोमवारचं वजन

"भिंतीला धरू नका, आबा. वजन कमी दाखवतं."

"कमी दाखवलं तर तुझंच भलं की, उजू. डॉक्टर तुला शाबासकी देईल."

"सोडा हात."

आबांनी हात सोडला. काट्याची सुई थरथरली आणि शुक्रवारी होती त्याच्या बरीच पुढं जाऊन थांबली. आबांना खाली बघून आकडा दिसायचा नाही, पोट आड यायचं. ते माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिले.

"किती?"

"गेल्या सोमवारी होतं तेवढंच."

"म्हणजे वाढलं तर नाही."

"शुक्रवारी दोन किलो उतरलं होतं."

"शुक्रवारचं काय घेऊन बसलीस," काट्यावरून एक एक पाय खाली घेत ते म्हणाले. "डॉक्टर सोमवारी येतो."

ते खरंच होतं. डॉक्टर सबनीस पुण्याचे. साताऱ्यातल्या एका दवाखान्यात ते फक्त सोमवारी यायचे, आणि आबांचे दोन्ही गुडघे त्यांच्याकडून बदलून घ्यायचे होते. आबा पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. धोम धरणाच्या कालव्याच्या कडेनं त्यांची सगळी नोकरी चालण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्याच गुडघ्यांनी असहकार पुकारला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना उतरताना ते कठडा धरून उलटे, पाठमोरे उतरायचे, आणि खाली पोहोचेपर्यंत शर्ट घामानं भिजलेला असायचा. त्यामुळं ते घराबाहेर पडायचे ते फक्त सोमवारी, गुडघे दाखवायला.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वजन नव्वदच्या खाली आणा, मी तारीख देतो. त्याच दिवशी हेही ठरलं होतं की ऑपरेशन झालं की आबांनी तीन महिने रणजितकडं जायचं. रणजित माझा धाकटा भाऊ, पुण्यात असतो. त्याच्याकडं लिफ्ट, व्यायाम करून घेणारा माणूस सोसायटीतच, मोठी न्हाणीघरं. हे इतकं सरळ होतं की कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही. आबांनी मान हलवली. मीही हलवली. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून आबा आणि मी दोघंच राहत होतो.

त्या सोमवारी डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि मलाच विचारलं, "ताई, खायला काय देता?"

मी सांगितलं. सकाळी भिजवलेले मूग. दुपारी ज्वारीची भाकरी, दुधी किंवा दोडका, ताक. संध्याकाळी सूप. साखर घरात आणतच नाही.

"आणि शनिवारी?"

आबा भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडं बघायला लागले.

"शनिवारी माझा भाऊ येतो," मी म्हटलं.

"घेता का, काका?"

"थोडी," आबा चित्राला म्हणाले. "पोरगा येतो. त्याच्याबरोबर बसतो."

"थोडीच असेल. पण दारू पोटात गेली की शरीर आधी तिची विल्हेवाट लावतं आणि बाकीचं खाल्लेलं साठवून ठेवतं. बरोबर तळलेलं, खारट येतं. भूक आवरत नाही. रविवारी अंग जड, म्हणून व्यायाम नाही. पाच दिवस ताई जे कमावतात ते तुम्ही दोन दिवसांत घालवता. पुढच्या महिन्यात बघू."

"बघू," आबा म्हणाले. घरी येताना रिक्षात ते चक्क शीळ घालत होते.

*

शनिवारी संध्याकाळी रणजितची गाडी खाली लागली की आबांना ती हॉर्नशिवाय कळायची. दुपारपासून ते गॅलरीत बसलेले असायचे. दाढी केलेली, पांढरा सदरा. सोमवार ते शुक्रवार मी सांगून सांगून थकायचे तेव्हा कुठं दोन दिवसांनी एकदा दाढी व्हायची.

"या पुणेकर! वाट चुकलात काय?"

"खंबाटकी घाटात अडकलो आबा, ट्रक उलटला होता."

"कशाचा?"

"कांद्याचा."

"मग दोन उचलून आणायचेस की, पापडावर घालायला."

आणि दोघं हसायचे. यात हसण्यासारखं काय होतं हे मला स्वयंपाकघरात कधी कळलं नाही.

आबा माझ्यासमोर पीत नसत. म्हणजे मी गॅलरीत गेले की ते ग्लासावर वर्तमानपत्र ठेवायचे आणि त्यावर चष्मा. वर्तमानपत्र मधोमध उंच झालेलं असायचं. मी खाऱ्या दाण्यांची वाटी ठेवायचे, पापड ठेवायचे, आणि तेवढा वेळ दोघं हवेबद्दल बोलायचे. मी आत वळले की कागद बाजूला होण्याचा आवाज यायचा आणि गप्पा जिथं थांबल्या तिथून सुरू व्हायच्या. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते. कॉलेजचं ग्रंथालय सांभाळत होते. वडिलांनी दारू पिण्याबद्दल मला काही वाटत नव्हतं. त्या वर्तमानपत्राबद्दल वाटायचं.

मटण रणजित पुण्याहून शिजवून आणायचा, मृणालनं केलेलं. मृणाल म्हणजे त्याची बायको. मी फक्त भाकरी करायचे. भाकरी थापता थापता गॅलरीतलं सगळं ऐकू यायचं, कारण मधे एक खिडकी होती. आबांची एक गोष्ट होती, कालव्यात पडलेल्या म्हशीची. पाणी सोडलेलं, म्हैस वाहत चाललेली, मालक काठावरून बोंबलतोय आणि आबा कालव्याच्या पुढच्या दारापर्यंत सायकल हाणत गेलेत, दार पाडून पाणी अडवायला. ती गोष्ट ते आठवड्यात मला कधी सांगत नसत. शनिवारी सांगायचे, आणि फार सुरेख सांगायचे, मालकाचा आवाज काढून.

त्या शनिवारी ते म्हणाले, "आणि हा लेकाचा माझ्या सायकलच्या नळीवर बसलेला. टाळ्या वाजवतोय!"

"मी?" रणजित खूश होऊन म्हणाला.

"मग कोण?"

सायकलच्या नळीवर मी होते. रणजितचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मी टाळ्या वाजवत नव्हते, घाबरून आबांच्या हाताला घट्ट धरलं होतं आणि त्यांच्या बाहीला डिझेलचा वास येत होता. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. करपलेली भाकरी मी माझ्या ताटात घेतली आणि गॅलरीत काही बोलायला गेले नाही.

रविवारी दुपारी आबा झोपल्यावर रणजित निघाला. मी त्याच्यामागं जिन्यात गेले.

"पुढच्या वेळी बाटली आणू नकोस."

"आक्का, परत?"

"डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मी आठवडाभर त्यांना दुधी खायला घालते. शिव्या मी खाते. आणि तू एका संध्याकाळी येऊन सगळं पाण्यात घालतोस."

"मी नाही आणत. ते मागवतात. शुक्रवारी फोन करून सांगतात, कुठली आणायची तेसुद्धा."

"आणि तू श्रावणबाळ."

"एकदा नव्हती आणली. आठवतं? जानेवारीत. रात्री जेवेपर्यंत चार शब्द बोलले नाहीत माझ्याशी." तो एक पायरी खाली उतरला. "तुला सोपं आहे. तू रोज असतेस."

"मला सोपं आहे?"

"तसं नाही म्हणायचं मला."

"मग कसं?"

"जाऊ दे, आक्का. तुला मी आलेलाच आवडत नाही." तो हसत म्हणाला, पण खाली जाऊन गाडीचं दार जोरात लावलं.

फोनचं मला खरं वाटलं नाही. शुक्रवारी मी कामावर असायचे. आबांनी आपणहून फोन उचलून कुणाला बोलावलंय असं मी कधी पाहिलं नव्हतं. मला कामावर त्यांचा एकच फोन आल्याचं आठवतं, गॅस संपला म्हणून.

*

श्रावणाच्या आधीचा शनिवार गटारीचा. रणजितनं दोन बाटल्या आणल्या. आबांनी दोन्ही वेळा मटण मागून घेतलं. मी काही बोलले नाही, कारण पुढचा महिना माझा होता.

लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी आईनं आबांकडून श्रावण कबूल करून घेतला होता. श्रावणात दारू नाही, मटणमासे नाहीत, पुढं गणपती बोळवेपर्यंत. आबा देवाचं फारसं काही करत नसत, पण हे त्यांनी कधी मोडलं नाही. आई गेल्यावरही नाही. तिच्या फोटोला हार घालायचे नाहीत, पण श्रावण पाळायचे.

आणि वजन उतरलं. शुक्रवारी उतरलेलं सोमवारीही उतरलेलंच राहिलं. पहिल्या सोमवारी मला खरं वाटेना, मी काटा फरशीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन त्यांना परत उभं केलं. दुसऱ्या सोमवारी डॉक्टर म्हणाले, "बघा! सांगत होतो की नाही?" मी इतकी आनंदले की येताना आबांना विचारलं, "काय खाणार आज? सांगा, करते."

"दुधीच कर," ते म्हणाले. "आता सवय झाली."

शनिवारी रणजित यायचा तसा आला. तो श्रावण पाळत नसे, पण आमच्या घरात पाळायचा. दोघं गॅलरीत बसले. मी मुद्दाम त्यांच्यासाठी लिंबाचं सरबत केलं आणि माझा ग्लासही घेऊन गेले. पहिल्यांदाच तिथं तिसरी खुर्ची मांडली. झाकायला काही नव्हतं.

"मग?" रणजित म्हणाला.

"मग काय," आबा म्हणाले.

"ऑफिसात आता नवीन साहेब आलाय."

"बरा आहे का?"

"बरा आहे."

अजिंक्यताऱ्यावर ढग आले होते. आबांनी ढगांबद्दल एक वाक्य उच्चारलं. रणजितनं फोन बघितला, खिशात ठेवला, परत काढला. मी म्हशीची गोष्ट काढली. म्हटलं, "आबा, ती धोमची म्हैस सांगा ना."

"ती माहीत आहे की तुम्हाला," ते म्हणाले.

साडेआठला आम्ही जेवायला बसलो. रणजित सकाळी उठल्याबरोबर निघून गेला, मृणालची आई येणार आहे म्हणून. मी त्याचं अंथरूण आवरताना गुणगुणत होते. मला दिसलं होतं ते दिसलं होतं: बाटली काढून घेतली की या दोघांत काही उरत नाही. इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळत होते ते फक्त रणजितनं आणलेलं एक पेय होतं. मला वाटलं, आता आबा माझ्याकडं वळतील.

तिसऱ्या सोमवारी काटा नव्वदच्या आत आला. डॉक्टरांनी गणपतीनंतरची तारीख दिली. म्हणाले, "पुढच्या सोमवारी एकदा वजन, रक्त, सगळं तपासू. एवढंच टिकवा. मग मी दवाखान्याला कळवून टाकतो." मी तिथूनच रणजितला फोन लावला. तो ओरडलाच. म्हणाला, "आबांना दे, आबांना दे." आबांनी फोन कानाला लावला आणि हं, हं, बरं, असं म्हणत राहिले. परत येताना जिना चढायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. दुसऱ्या मजल्यावर ते बसले. मी म्हटलं, "आता थोडेच दिवस, आबा. मग धावत चढाल."

"लिफ्ट आहे तिकडं," ते म्हणाले.

*

त्या गुरुवारी कॉलेजात कुणा माजी प्राचार्यांचं निधन झालं म्हणून दुपारीच सुट्टी दिली. मी घरी आले तेव्हा ऊन होतं आणि आबा गॅलरीत नव्हते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. समोर ग्लास, आणि गटारीची उरलेली बाटली. दाणे नव्हते, पापड नव्हता. त्यांनी दाढी केलेली नव्हती.

मी दारात उभी राहिले. ग्लास झाकायला त्यांनी हात पुढं केला नाही.

"आबा, श्रावण आहे."

"माहीत आहे."

"आईला..."

"तिला मी सांगितलं सकाळी."

मी पर्स खाली ठेवली. त्यांचा चेहरा प्यायलेल्या माणसाचा नव्हता. औषध घेताना करायचे तसं तोंड करून त्यांनी एक घोट घेतला. शनिवारचं काहीच तिथं नव्हतं.

"चार दिवसांवर सोमवार आलाय," मी म्हटलं. "इतकं केल्यावर? आता?"

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"बस की."

मी बसले. त्यांनी बाटलीचं बूच लावलं, काढलं, परत लावलं.

"सोमवारी वजन वाढलेलं असलं की तो म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू," आबा म्हणाले. "भला माणूस आहे. कधी रागावत नाही."

मला कळायला वेळ लागला. बाहेर कुणीतरी गाद्या झटकत होतं, तो आवाज मी पूर्ण थांबेपर्यंत ऐकला.

"तुम्हाला ऑपरेशन नको आहे?"

"गुडघे पाहिजेत की! कुणाला नको? मला तिकडं जायचं नाही, उजू."

"मग दर शनिवारी तुम्ही..."

"पहिल्यापासून नाही. पहिल्यांदा नुसती मजा होती. पोरगा येतो, बसतो. मग एकदा लक्षात आलं की त्यानं सोमवार टळतो. मग शुक्रवारी फोन करायला लागलो त्याला. घेऊन ये म्हणून."

"रणजितकडं काय वाईट आहे?"

"काय वाईट असायचंय? तो चांगला आहे, ती चांगली आहे. पण मी तिथं पाहुणा. शनिवारी एक संध्याकाळ आमचं छान जमतं. मंगळवारी काय बोलणार आम्ही? तू बघितलंस ना या महिन्यात. मला त्याला हसवत बसायला लागतं. तोही मला हसवत बसतो. दोघंही दमतो बघ."

"माझ्याशी तर तुम्ही तेवढंही बोलत नाही."

"तुझ्याशी कशाला बोलायला लागतंय?" त्यांनी मनापासून आश्चर्यानं विचारलं. "तुझ्याबरोबर गप्प बसता येतं मला."

मी चाळीस वर्षं काहीतरी मागत होते आणि ते मला केव्हाच मिळालेलं होतं, अशी काहीतरी ती वेळ होती. पण खरं सांगायचं तर मला त्या क्षणी तेवढं पुरलं नाही. मला म्हशीची गोष्टही हवी होती.

"मला सांगायचं होतंत," मी म्हटलं. "ऑपरेशन करू आणि इथंच परत येऊ. चौघं मिळून खुर्चीतून वर आणतील. महिनाभर खाली उतरायचंच नाही. व्यायाम करून घेणारी माणसं साताऱ्यातही आहेत."

"माहीत आहे मला. इंजिनियर आहे मी." ते थांबले. "तुला सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस. मग तो म्हणाला असता, आक्कानं भरवलं. भावकी म्हणाली असती, पोरगा घर सजवून बसलाय आणि पोरीनं बापाला सोडलं नाही. दारूचं नाव पुढं केलं की कुणाचंच नाव येत नाही. म्हातारा पितो, वजन उतरत नाही. संपलं."

"आणि गुडघे?"

"चालेल तेवढं चालेल."

मी उठून बाटली घेतली आणि मोरीत ओतली. ग्लासातलं मात्र तसंच ठेवलं. त्यांनी ते संपवलं नाही.

"त्याला मी सांगते," मी म्हटलं.

"काय सांगणार?"

"खरं ते."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काळजी होती, पण ती माझ्यासाठी नव्हती. ती रणजितसाठी होती.

*

शनिवारपर्यंत ते वाक्य मी तोंडात घोळवलं. आबांना तुझ्याकडं यायचं नाही. लहानसं वाक्य. पुस्तकं मांडताना, भाजी चिरताना मी ते वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघितलं. शांतपणे, सहज, जसं काही त्यात विशेष नाही. त्यावर रणजितचा चेहरा कसा होईल ते मी अनेकदा पाहिलं, आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटलं.

तो आला तो सरळ स्वयंपाकघरातच. आबा गॅलरीत होते, खिडकी उघडी होती.

"आक्का, हे बघ." त्यानं फोन माझ्यापुढं धरला. एक खोली होती, फिकट पिवळी रंगवलेली. "कमोडच्या दोन्ही बाजूंना दांड्या लावल्या. हा पलंग उंच करून घेतला, खास. डॉक्टरांना विचारून. आणि ही खिडकी. मृणाल म्हणाली, आबांना बाहेर बघायला पाहिजे, म्हणून तिची शिलाई मशिन तिथून हलवली." तो बोटानं फोटो सरकवत होता. "मी ऑफिसात सांगितलंय, महिनाभर घरून काम करतो. रोज बसीन त्यांच्याबरोबर. शनिवारचं कसं पळतपळत होतं गं. नीट बोलणंच होत नाही."

त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झालेले मला दिसले. तो छत्तीस वर्षांचा होता. शुक्रवारच्या फोनची वाट बघणारा.

"नीट बोलायचंय मला त्यांच्याशी," तो म्हणाला. "न पिता. इतक्या वर्षांत जमलं नाही."

गॅलरीतली खुर्ची करकरली. आबा ऐकत होते.

मी म्हटलं, "रणजित, मी त्यांना पाठवणार नाही."

"काय?"

"ऑपरेशन ठरलंय त्या तारखेला होईल. पण नंतर ते इथंच येतील. मी रजा टाकते."

"आबा म्हणाले असं?"

"त्यांना मी विचारलेलं नाही. मी म्हणतेय. मला या घरात एकटीला राहवणार नाही."

तो माझ्याकडं बघत राहिला. "तीन महिने, आक्का. तीनच महिने मागतोय मी."

"एकदा गेले की परत येत नाहीत. मला माहीत आहे."

"अगं ते काय तुझ्या एकटीचे आहेत?"

"माझे जास्त आहेत," मी म्हटलं. हे मी ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि ते म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

रणजित ताडकन गॅलरीत गेला. मी त्याच्यामागं.

"आबा, ही काय म्हणतेय? तुमचं काय म्हणणं आहे? तुम्ही सांगा."

आबांनी आधी त्याच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.

"ती म्हणतेय तर राहू दे," ते म्हणाले. "एकटी आहे बिचारी. तुला तुझा संसार आहे. तिला कोण आहे? मी गेलो तर खचून जाईल ती."

त्यांनी ते फार सुरेख म्हटलं. आवाजात कणव होती, थोडा कंटाळा होता, पोरीपायी अडकलेल्या बापाचा. मी दारात उभी होते. मला वाटलं, निदान आता एकदा ते माझ्याकडं बघतील. ते रणजितकडंच बघत होते, तो कुठं दुखावतोय का, तिथं.

"बरं," रणजित म्हणाला. "म्हणजे तुम्ही थांबताय ते तिच्यासाठी." आणि मला म्हणाला, "मोठी आहेस म्हणून जास्त बोलत नाही."

तो न जेवता गेला.

*

सोमवारी वजन नव्वदच्या आतच भरलं. ऑपरेशन झालं. आबांना खुर्चीतून वर आणलं तेव्हा ते पालखीतल्या राजासारखे हात हलवत होते आणि शेजारच्या बायकांना म्हणत होते, मुजरा करा. दिवाळीला ते सुलटे जिना उतरले. त्यानंतर दहा वर्षं चालले, आपल्या पायांनी, चार भिंतीच्या टेकडीवर आणि परत.

रणजित यायचा, पण महिन्यातून एखादा शनिवार, मग सणावाराला. बाटली आणायचा. दोघांच्या गप्पा रंगायच्या, मी भाकरी करायचे. माझ्याशी तो व्यवस्थित बोलायचा, तब्येतीचं, औषधांचं, बँकेचं.

या पौषात आबा गेले. तेराव्याचं जेवण उरकल्यावर पाहुणे पांगले, मृणाल गाडीत सामान ठेवायला खाली गेली. रणजित आणि मी जिन्याच्या तोंडाशी उभे होतो. तो पन्नाशीकडं झुकलेला, जाड झालेला. डॉक्टरांनी त्यालाही आता वजन कमी करायला सांगितलंय.

"एक विचारू, आक्का? रागावणार नाहीस ना?"

"विचार."

"त्या वेळी मला तीन महिने का नाही दिलेस?"

त्याचे डोळे लाल होते. समोर दार उघडं होतं, आत समईसमोर आबांचा फोटो होता. सांगायला आता काहीच अडचण नव्हती. ज्यानं सांगू नको म्हटलं असतं तो गेला होता, आणि त्यानंही ते तोंडानं कधी म्हटलं नव्हतं.

"दिले नाहीत," मी म्हटलं. "नाही देववलं."

"जळायचीस माझ्यावर."

"जळायचे."

त्यानं मान हलवली. त्याला बहुधा तेवढंच हवं होतं, कुणीतरी कबूल करणं. दोन पायऱ्या उतरून तो परत वळला.

"माझी आठवण काढायचे का गं? मी नसताना?"

"दर शनिवारी," मी म्हटलं. "दाढी करून बसायचे. कुठलीही गाडी वाजली की उठून बघायचे."

ते खरं होतं. मी समोरच्याच खुर्चीत बसलेली असायचे.